भिंतीकडचे बुजरे उंदीर

नवसाबाई भोये मूळच्या पेठकडच्या. लहानपणी आईबापांबरोबर दर हंगामाला दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला यायच्या. पंधरा दिवस या मळ्यात, पंधरा दिवस त्या. लग्नानंतर पंचवटीत राहायला आल्या आणि गेली नऊ वर्षं नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळतात. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं, एवढंच काम. पण बघत बसायची त्यांना खोडच. कोणता उंदीर कुशीवर झोपतो, कोणता दुसऱ्याचा दाणा पळवतो, सगळं तोंडपाठ.

गेल्या वर्षी तिथे पीएचडी करणाऱ्या तेजलने एक प्रयोग मांडला. वयात येणाऱ्या उंदरांना महिनाभर रोज थोडा थोडा त्रास द्यायचा: कधी ओला भुसा, कधी तिरका पिंजरा, कधी सोबती बदललेले. मोठेपणी त्यांच्या वागण्यात आणि हार्मोनमध्ये काय फरक पडतो, ते बघायचं. तुलनेसाठी तेवढेच उंदीर सुखात ठेवले होते. त्यांचे पिंजरे एका भिंतीला लागून होते, त्रास दिलेल्यांचे खोलीच्या दुसऱ्या बाजूला.

उंदीर मोठे झाल्यावर तेजलने एकेकाला मोकळ्या पेटीत सोडलं. धीट उंदीर फिरत फिरत मध्यावर येतो, घाबरट कडेकडेने सरकतो. पण इथे सुखात वाढलेलेही कडेलाच चिकटून बसले. रक्त तपासलं, तर त्यांच्यातही ताणाचा हार्मोन चढलेला.

तेजलने विचारलं, "मावशी, भिंतीकडचे पिंजरे तुम्ही जोरात हाताळता का?"

नवसाबाईंना ते फार लागलं. "ताई, नऊ वर्षांत एकाला कधी दुखवलं नाय मी."

त्या दिवसापासून भुसा बदलून झाला की त्या भिंतीसमोर स्टूल टाकून बसू लागल्या. उंदीर अंधारात जागे असतात, म्हणून खोलीत दिवसा फक्त उंदरांना जवळपास न दिसणारा अंधुक लाल दिवा असायचा. भिंतीकडचे सगळे एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेले. दुसऱ्या बाजूचे मात्र हिंडत होते.

शनिवारी दुरुस्तीसाठी वीज गेली. लाल दिवा आणि पंखा इन्व्हर्टरवर चालू राहिले. अर्धा तास झाला असेल, भिंतीकडचा एक उंदीर पुढे आला, जाळीला नाक लावून उभा राहिला. मागून दुसरा. मग दोघांची चक्क झोंबाझोंबी सुरू झाली. वीज आली तसे सगळे परत कोपऱ्यात.

"विजेवर चालणारं काय हाय या भिंतीपल्याड?" म्हणत त्या उठल्या. पलीकडे स्टोअर होतं. खाद्याच्या गोण्यांमागे, भिंतीतल्या जाळीच्या झरोक्यालगत, प्लगमध्ये काडेपेटीएवढी एक डबी, तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"उंदीर पळवायचं मशीन आहे," स्टोअर सांभाळणारा कुंदन म्हणाला. "गोण्या कुरतडत होते. त्याचा आवाज माणसाला येत नाही, फक्त उंदरांना येतो."

"किती दिवस झाले लावून?"

"चार-पाच महिने."

नवसाबाईंनी तेजलला बोलावून आणलं. तेजलने डबी काढली आणि गोणीवरच बसली. "म्हणजे ज्यांना मी त्रास देत नव्हते, त्यांनाही चोवीस तास त्रासच होता! मावशी, मी तुम्हाला उगाच बोलले."

प्रयोग वाया गेला होता, पण नवसाबाईंचं बघणं थांबलं नाही. त्याच भिंतीकडे, प्रयोगात नसलेले, वर्षाचे, पुरते वाढलेले उंदीरही होते. मशीन काढल्यावर दहा-बारा दिवसांत ते पूर्वीसारखे खाऊ-खेळू लागले. कोवळ्या वयात तो आवाज सोसलेले मात्र दोन महिन्यांनीही बुजरेच. उचललं की त्यांचा हार्मोन चढायचा आणि लवकर उतरायचा नाही.

"आवाज गेला, तरी यांच्या अंगात कुठं राहिला तो?" नवसाबाईंनी विचारलं.

"भीती चढवायची आणि उतरवायची यंत्रणा त्या वयात घडत असते," तेजल म्हणाली. "घडतानाच सतत भीती असेल, तर ती तशीच बेतली जात असावी. पण एवढ्या थोड्या उंदरांवरून ठामपणे सांगता येणार नाही."

नवसाबाईंनी विचारलं, "माणसांचं पण असंच?"

"काही जणांत तसं दिसतं. पण माणूस म्हणजे उंदीर नव्हे, मावशी. तुम्ही का विचारता?"

"मी तेरा-चौदाची होते तवा दर पंधरा दिवसाला मळा बदलायचा. अजून कुणी मोठ्यानं हाक मारली तर छातीत धडधडतं." मग लगेच म्हणाल्या, "यांना धीट सोबती दिला तर? मोठा पिंजरा, चढायला काटक्या?"

तेजलने परवानगी काढून सहा बुजऱ्यांसाठी तशी सोय केली. नवसाबाई रोज वहीत खुणा करत राहिल्या: कोण बाहेर आला, कोण नाही. सहा आठवड्यांनी चार उंदीर मोकळ्या पेटीच्या मध्यावर गेले. दोन गेले नाहीत. ते दोघंच का मागे राहिले, ते अजून दोघींनाही कळलेलं नाही. आता नव्या पिलांवर तेजलचा मूळ प्रयोग पुन्हा सुरू आहे, आणि खोलीच्या चारही भिंतींपलीकडे काय काय आहे ते आधी नवसाबाई जाऊन बघतात.