मर्जानचा डावा कान

बुआझ्झा,

हे पत्र तू वाचणार नाहीस. जिवंत होतास तेव्हा तरी कुठे वाचायचास! पण तुझ्या घोड्याला, मर्जानला, ताईत बांधला होता म्हणून तो कधी चुकला नाही, असं लोक सांगत सुटलेत. मूर्ख. म्हणून लिहिते.

तापानं तुझे कान नेले आणि तू ते कुणाला कळू दिलं नाहीस. मी थोरली बहीण. मी खडसावलं तरी तू उलट बोलला नाहीस, तेव्हाच ओळखलं. जत्रेत पंधरा स्वार मुखियाच्या हाकेवर एका रांगेत सुटायचे, पुढे त्याच्या दुसऱ्या हाकेसरशी साऱ्या बंदुकांचा मिळून एकच बार व्हायला हवा. एक जरी मागे राहिला तरी अख्ख्या टोळीची छी-थू. तिथे बहिऱ्याला कोण उभं करणार? आणि रांग सुटली असती तर तू खाटच धरली असतीस.

मुखिया हद्दूला संशय आलाच. सरावाला त्यानं सगळ्यांना जागेवर उभं केलं आणि मुद्दाम खोटी हाक दिली. बाकीचे घोडे उधळले. मर्जान जागचा हलला नाही.

"काय रे, झोपलास का?" हद्दू तुझ्या तोंडासमोर येऊन खेकसला.

तू त्याचे ओठ बघून म्हणालास, "ही काय हाक झाली? माझ्या घोड्यालासुद्धा पटली नाही."

लोक हसले. हद्दू हसला नाही. थोड्या वेळानं त्यानं खरी हाक दिली. मर्जान सुटला आणि पुढे बारही एकच झाला.

संध्याकाळी चहा ओतता ओतता मी म्हटलं, "सवय असते जनावराला. त्यात अक्कल कसली?"

"ताई, सवय तर सगळ्याच घोड्यांना आहे. मग ते कसे फसले? सुटायची असो की बाराची, खरी हाक द्यायच्या आधी हद्दू खांदा उचलतो. मर्जान तो खांदा बघतो, मी मर्जानचा डावा कान बघतो."

"म्हणजे घोडा विचार करतो म्हण की!"

"तुझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा जास्त."

जत्रेत हद्दूनं तुला रांगेत आपल्या शेजारी घेतलं. "ऐकू येतं की नाही, ते तुझं तू बघ," एवढंच म्हणाला. मरेपर्यंत ती जागा तुझी राहिली.

घोडा विचार करतो, हे मला मात्र अर्धंच पटलं होतं. तू चिडलास. "शुक्रवारी कुसकुस खाऊन झालं की तुला मर्जानवर बसवतो. कानात कापूस घाल, म्हणजे कळेल."

मी या वयात विजार शिवून घेतली. गुरुवारी तुला पुन्हा ताप भरला, तो उतरलाच नाही. विजार घडीसकट तशीच पेटीत आहे.