पुनं लय दूर हाय

सुधाकरभाऊंचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, सासऱ्यांच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरड्या राखत बसलो होतो. वैशाखातली सकाळ, कामाचा दिवस. सुधाकरभाऊ म्हणजे अमरावतीच्या आमच्या घराचे शेजारी. नाव दिसताच मी सवयीनं फोन कापला आणि फोननं त्याच्या सवयीनं त्यांना तयार निरोप पाठवला, ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करतो.’ त्याखाली लगेच त्यांचं उत्तर आलं, ‘महाराज गेले. झोपेतच.’ काकांच्या मरणाची बातमी आणि माझं खोटं असे एकाखाली एक फोनमध्ये आहेत. मी ते पुसलेले नाहीत. मीटिंग कुठली नि काय... माझी नोकरी जाऊन तेव्हा सात-आठ महिने झाले होते आणि समोर फक्त एक कावळा होता.

महाराज म्हणजे माझे मनोहरकाका. अमरावतीत राजापेठेच्या बाजूला भिक्षुकी करायचे. आमच्याकडे यजमान पुरोहिताला महाराजच म्हणतात. माझे आई-वडील मी लहान असतानाच गेले. काका-काकूंना मूल नव्हतं, त्यामुळे मला वाढवायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते कधी उपकार म्हणून केलं नाही. काकांचे मंत्र अगदी शुद्ध, एक स्वर इकडचा तिकडे नाही. पण आसनावरून उठले की भाषा थेट यजमानांची. मी भिक्षुकी शिकणार नाही म्हटलं तेव्हा सगळे मला बोलले. काका एवढंच म्हणाले, “नको करू. पन जे करशीन त्यात लोकायले ताटकळत ठेवू नको.” वक्तशीरपणाचं त्यांना वेडच होतं. मुहूर्त सकाळी असला तर हा माणूस यजमान अंघोळीला जायच्या आत दारात उभा.

पुढे मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत माणसं निवडण्याच्या खात्यात लागलो आणि काकांना एक नवीनच नाद लागला. त्यांच्या निम्म्या यजमानांची पोरं पुण्या-बंगळुरात संगणकाच्या नोकरीत. कोणाला नोकरी लागली, कोणाची बढती झाली, कोणाच्या घरात अचानक ग्रहशांत करायची ठरली, हे काकांना कंपनीच्या आधी कळायचं. मग ते पेपरातल्या त्या धंद्याच्या बातम्या चष्मा कपाळावर चढवून वाचायला लागले आणि दर रविवारी फोनवर मला त्यांची मतं ऐकवायला लागले. कोणी बडा साहेब म्हणाला होता की तरुणांनी आठवडाभर रात्रंदिवस राबलं पाहिजे. काका म्हणाले, “त्याच्या घरी सत्यनारायन सांगाले मी जातो. पाहू किती घंटे मांडी घालून बसते.” करोनापासून ते व्हिडिओवर पूजा सांगायचे. पलीकडचा यजमान मधेच आवाज बंद करून ऑफिसच्या कॉलवर जायचा, तेव्हा काका पळी हातात धरून पडद्याकडे बघत बसायचे. “देवाले होल्डवर ठेवते लेकाचे,” असं म्हणायचे, पण पूजा अर्धी सोडायचे नाहीत. यंत्रच आता सगळी कामं करणार, असं मी त्यांना एकदा मोठ्या ऐटीत समजावलं. ते म्हणाले, “मंत्र तर मोबाइलवर बी लागते ना बाबू. तरी मले काहून बलावते? चुकलं तर कोनाले तरी बोलता आलं पाह्यजे!” आणि स्वतःच खदखदून हसले.

मुलाखतींवरून आमचं खरं भांडण व्हायचं. आपल्याकडच्या एका पोराला मी परत पाठवलं होतं. काम त्याला उत्तम येत होतं, पण बोलताना घाबरून ‘मले’, ‘तुले’ करत होता. मी शेरा मारला, संवादकौशल्य कमी. काकांना ते त्याच्या बापाकडून कळलं. “तुमाले काम पाह्यजे का कीर्तन?” काका फोनवर ओरडले. मी त्यांना उद्योगाच्या गरजा वगैरे सांगितल्या. आमच्या कंपनीच्या भिंतीवर ‘आपण एक कुटुंब आहोत’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, त्याचा फोटोही एकदा मी कौतुकानं पाठवला होता. त्यावर त्यांनी विचारलं, “अन् काढतांनी? काढतांनी काय म्हनता?” मी म्हटलं, काका, ती एक प्रक्रिया असते. “प्रक्रिया,” ते म्हणाले, आणि फोन काकूच्या हातात दिला.

त्या प्रक्रियेतून गेल्या दसऱ्याच्या सुमाराला मी स्वतः गेलो. एक दिवस सकाळी आम्हा बऱ्याच जणांना एकाच कॉलवर बोलावलं. आमचे आवाज आधीच बंद केलेले होते. पलीकडच्या बाईंनी कागदावरचं वाचून दाखवलं. त्यात कोणाचंही नाव नव्हतं. चहा निवायच्या आत सगळं संपलं. मी अनेकांना असंच वाचून दाखवलेलं असल्यामुळे पुढचं वाक्य काय येणार हे मला पाठ होतं, याचीसुद्धा तेव्हा लाज वाटली. पुण्याचं भाडं झेपेना, म्हणून आम्ही अकोल्याला वैदेहीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, माहेरी वरच्या मजल्यावर राहायला आलो. वैदेहीचं म्हणणं, अमरावतीला सांगून टाकू. मी म्हटलं, नवीन नोकरी लागली की सांगू, कशाला म्हाताऱ्यांना काळजी. कसली काळजी! काकांच्या यजमानांच्या पोरांना मुलाखत कशी द्यावी यावर मी दर दिवाळीत राजापेठेत भाषण द्यायचो. त्या पोरांसमोर बसायची मला लाज वाटत होती, बाकी काही नाही. अकोला-अमरावती जेमतेम दोन तासांचं अंतर. एरवी पुण्याहून वर्षातून दोनदा तरी जायचो. इतक्या जवळ आलो आणि जाणंच बंद केलं.

संक्रांतीला मात्र जावंच लागलं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आल्यासारखं दाखवायला मी अकोल्याहून पहाटेची एसटी पकडून सकाळी पोचलो. काका ओसरीवर पेपर घेऊनच बसले होते. त्यात कुठल्या तरी मोठ्या कंपनीनं माणसं काढल्याची बातमी होती. त्यांनी ती मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “ज्यायले काढलं त्यायले कायची लाज, सांग बरं? लाज वाटाची तं काढनाऱ्यायले.” सांगायला याहून सोपी वेळ मला कोणी दिली नसती. मी काय बोललो असेन? मी म्हणालो, “तसं नसतं काका. जे काम करत नाहीत त्यांनाच काढतात.” ज्या कंपनीनं मला हाकललं तिची वकिली मी काकांपुढे करत होतो, तीही स्वतःला कामचुकार ठरवून. काकांनी पेपराची घडी केली आणि म्हणाले, “असन बाप्पा.”

निघताना डबा बांधून द्यायचा हा त्यांच्या घरातला नेम होता, आणि तो काकाच बांधायचे, काकू नाही. पुण्याला निघालो की तीन पुडांचा मोठा पितळी डबा: एका पुडात दशम्या, एकात बेसन, वरच्यात मिरचीचा ठेचा नि काहीतरी गोड. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी दोन्ही त्यात व्हायची. त्या दिवशी त्यांनी एक लहानसा गोल डबा माझ्या हातात दिला. आत तिळाच्या दोन पोळ्या. मी डब्याकडे बघतच राहिलो. “पुरते तेवढं,” ते म्हणाले. खरं सांगतो, मला राग आला. म्हातारं विसरायला लागलं, नाही तर माझ्या उत्तरावर रुसलं, असं काहीतरी मनात घेऊन मी निघालो. पोळ्या अर्ध्या वाटेवरचं मूर्तिजापूर यायच्या आत संपल्या. ती आमची शेवटची भेट.

तर त्या सकाळी मी सुधाकरभाऊंना उलटा फोन केला. ते रडत होते. म्हणाले, “कवा निघतं पुन्याहून? अग्नी तुलेच द्या लागते ना भाऊ. आमी थांबतो.” मी म्हणालो, “लगेच निघतो.” बस. ‘मी अकोल्यातच आहे’ हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. मग वाटलं, आता दोन तासांत दारात उभा राहिलो तर सगळी गल्ली विचारेल, तू इतक्यात कसा? वैदेही ऐकून घेईना. “मी चालले. मी माहेरी आले होते म्हणून सांगते. तू काय करायचं ते कर,” म्हणाली आणि पुढे निघून गेली. मी मागून एसटीनं मूर्तिजापूरपर्यंत आलो, उतरलो, आणि स्टेशनवरच्या बाकावर बसून राहिलो. पुण्याहून गाडी करून निघालेला माणूस संध्याकाळच्या आत पोचणं शक्य नव्हतं. म्हणून मी संध्याकाळ व्हायची वाट बघत होतो. ज्यांनी मला वाढवलं ते पलीकडच्या गावात जमिनीवर ठेवलेले, आणि मी इकडे उसाचा रस पिऊन ऊन टाळत होतो. दुपारी वैदेहीचा फोन आला. “बर्फाच्या लाद्या दुसऱ्यांदा बदलल्या. ये आता.” मी म्हटलं, अजून थोडा वेळ. तिनं फोन ठेवून दिला.

आयुष्यात ज्यांनी कोणाला मिनिटभर ताटकळवलं नाही त्यांना मी त्या उन्हात दिवसभर ताटकळत ठेवलं. दिवस कलल्यावर मी पोचलो. प्रवासाचा शीण दिसावा म्हणून तोंडही धुतलं नव्हतं. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. काकांचे जुने यजमान, पार चांदूर रेल्वेहून आलेली म्हातारी माणसं, सकाळपासून उपाशी. त्यांच्यातल्या एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. “लय दुरून आलं बिचारं पोट्टं. याले पानी द्या रे.” आणि मी ते पाणी प्यालो.

दिवस झाले, तेरावं झालं. विधी सांगणारे गुरुजी मला काकांचं नाव नि गोत्र पुन्हा पुन्हा उच्चारायला लावत होते, आणि दर वेळी माझा आवाज बसत होता. लोकांना वाटलं, दुःखानं. चौदाव्या दिवशी निघायची वेळ झाली. ओसरीवर सुधाकरभाऊ होते, दोन-चार यजमान होते, वैदेही होती. ती आणखी काही दिवस काकूजवळ राहणार होती. काकू आतून आली. एका हातात मोठा डबा, दुसऱ्या हातात तो लहान गोल. दोन्ही माझ्यापुढे धरून म्हणाली, “आता मलेच बांधा लागते. कोनता देऊ रे?” तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. मी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणालो, “मोठा दे, काकू. रात्रभराचा प्रवास आहे.” वैदेहीनं मान फिरवली. काकू आत गेली आणि मोठा डबा भरून घेऊन आली.

ऑटोपर्यंत ती एकटीच सोडायला आली. डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, “त्यायनं तुले अकोल्याले पाह्यलं होतं. मार्गशीर्षात वास्तुशांतीले गेले होते ना, तवा. भरदुपारी पिशी घेऊन भाजी घेत होता म्हने तू. त्यायनं हाक नाही मारली. म्हने, त्याले वाटन तवा सांगन तो.”

मी विचारलं, “म्हणजे तुलाही...?”

“मले बी माहीत होतं. त्या दिवशी वाटलं, येशीन दोन घंट्यात. मंग समजलं, तू टाइम काढून राहिला.” तिनं पदर तोंडाला लावला. “लोक म्हनत होते, उरका, ऊन लय हाय. मीच सांगे सगळ्यायले, थांबा बाप्पा, पुनं लय दूर हाय.”

ऑटो निघाला. संक्रांतीचा लहान डबा मला तेव्हा कळला. काकांनी अकोल्यापुरतं बांधून दिलं होतं. ओसरीवर पेपर वाचून दाखवला तोही माझ्यासाठीच. आणि त्यानंतर मी जे बोललो ते त्यांनी सगळं माहीत असताना ऐकून घेतलं होतं.

मोठ्या डब्यातलं अन्न मला अकोल्यात दोन दिवस पुरलं. एकट्यानं खाल्लं. प्रत्येक घासाला लाज वाटत होती, पण टाकवलंही नाही. आता तो डबा घासून-पुसून इथल्या ओट्यावर ठेवलाय. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून सासूबाईंनी त्यात या वर्षीच्या कुरड्या भरून दिल्यात. हे छापून येतंय ती पेपराची रविवारची पुरवणी काकू पूजेआधी वाचते, सुधाकरभाऊही वाचतात, आणि त्या दिवशी मांडवात उपाशी बसलेले बरेच जण वाचतात. त्यांचं वाचून होईल तोवर मी डबा घेऊन निघालेला असेन. अकोल्याहून सकाळची एसटी धरली की ऊन व्हायच्या आत पोचतो.