परसातले पॅनल

सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी सोलर बसवायची जागा बघायला तो एकदाच आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. बोलताना हातातला मोजायचा टेप सारखा ओढायचा आणि सोडायचा. पॅनल मागच्या परसात, जमिनीवरच लावायचे, असं मी आणि बायकोनं ठरवून टाकलं होतं. पुसायला सोपे, शिडीची कटकट नाही.

तो परसाच्या टोकाशी गेला. तिथून लगेच जंगल सुरू होतं. बराच वेळ तिकडे पाहून म्हणाला, "स्लॅबवरच लावा, भाऊ."

"काऊन? रोज वर चढून कोण पुसन?" मी जरा चिडूनच विचारलं.

"माह्या घरी म्या खालीच लावले होते. बायकोले सोपं जाईन म्हणून. सकाळी वाकून पुसून राह्यली होती. वाघानं मागून नेलं तिले."

दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोनं सगळं ऐकलं होतं. ती धावत आली आणि माझा दंड धरून मला घराकडे ओढू लागली.

तो मात्र मान वर करून स्लॅबकडे पाहत होता. मला पटावं म्हणून हलकेच म्हणाला, "वरतं ऊनबी चांगलं भेटते."