ही नव्हे

एनेबिश म्हणजे आमच्या भाषेत 'ही नव्हे'. आमच्याकडे पोरं जगेनाशी झाली की असलं नाव ठेवतात. दाराशी आलेल्या भुतानं 'कोण जन्मलं?' विचारलं, की 'ही नव्हे' ऐकून त्यानं आल्या पावली परत जावं. दोन मुलगे गेल्यावर यंजमानं लेकीचं हे नाव ठेवलं आणि लेक जगली. पुढं गाल्सन झाला, तोही जगला. मग यंजमानं लेक उचलून आपल्या वांझ बहिणीला देऊन टाकली. तशी रीत आहे, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला वाटतं, पण मला विचारतो कोण?

तेव्हापासून एनेबिश सख्ख्या आईला मावशी म्हणायची.

मी नाट्यगृहात कलावंतांचे झगे शिवायची, ती तिथं पियानो वाजवायची. थंडीत पट्ट्या अडकायच्या, तरी तिची तक्रार नसे. आपली जुनी गाणी ती एकटीच त्या पियानोवर वाजवी. लोक टोमणे मारत, "घोड्यावर गायची गाणी, बाईनं कपाटात कोंडली." ती म्हणायची, "गळ्यातला सूर ओढता येतो. इथला दाबल्याबरोबर मरायला लागतो. म्हणून आधीचा मरायच्या आत दुसरा द्यायचा."

तिचं सगळ्यात आवडतं गाणं मेंढीचं. व्यालेली मेंढी कोकराला झिडकारते, तेव्हा बायका तिच्याशेजारी बसून 'तोइग, तोइग' गात राहतात, कोकराला मीठ चोळतात. शेवटी मेंढी विरघळते, कोकराला चाटते. लहानपणी उन्हाळ्यात या मावशीकडे, म्हणजे यंजमाकडे, राहायला गेली, की एनेबिश हे गाणं तिच्याच तोंडून ऐकायची.

वसंतातल्या कार्यक्रमाला तिनं यंजमाला बोलावलं.

"वाजवून झालं की सगळ्यांसमोर आई म्हणून हाक मारणार आहे, हांदाताई. एकदाच."

"आणि तिनं ओ दिली नाही तर?"

"मेंढीसुद्धा ऐकते हो."

मी तिच्या झग्याची गुंडी लावत होते.

त्या संध्याकाळी तिनं असं वाजवलं, की टोमणे मारणारेच डोळे पुसत होते. यंजमा पहिल्या रांगेत गाल्सनशेजारी वाळल्या दह्याची वडी चघळत बसली होती. एनेबिश मानाच्या निळ्या रेशमी पट्टीवर दुधाचा वाडगा ठेवून, दोन्ही हातांनी तो धरून खाली आली आणि म्हणाली, "आई."

आमचे व्यवस्थापक माइक घेऊन धावले. "आजी, ही तुमचीच लेक ना?"

यंजमानं मान हलवली. "एनेबिश."

"ऐकलंत? आई लेकीचं नाव घेतेय!" व्यवस्थापक ओरडले. टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं. म्हातारीनं दुधाला नुसते ओठ लावले आणि वाडगा गाल्सनकडे दिला. "पी रे, निवतंय."

"नाव घेतलं गं तुझं," मी नंतर आत म्हणाले. खोटंच.

"मान आडवी हलवली तिनं, ताई."

तरीही ती दोघांना जीपपर्यंत सोडायला गेली, मागोमाग मीही. म्हातारी चढून बसली, पाय झाकून घेतले. तिला सगळं कळत होतं. ती दुष्टच होती, मी उगाच गोड करून सांगणार नाही.

"छान वाजवलंस," ती म्हणाली. "पण आचळ आटल्यावर तोइग म्हणत नाहीत. एवढं शिकवलं नव्हतं का तुला?"

"शिकवलं होतं, मावशी," एनेबिश म्हणाली, आणि तिनं जीपचं दार लावून दिलं.