किर्रकाकांचे न आलेले खेळ

किर्रकाकांच्या हातात कॅसेट दिली की ते आधी तिचे कान तोडायचे. मग नमस्कार, मग चहा, मग कॅसेट कुणाची आणि कुठून आली याची चौकशी. ऑडिओ कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन बारीक चौकोनी टिकल्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड करता येत नाही. काका त्यांना कान म्हणत. त्यासाठी शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी, एक छोटा स्क्रूड्रायव्हर कायम असे. तोडलेले कान ते लोणच्याच्या एका जुन्या बरणीत टाकत. नेरूळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ही बरणी टीव्हीशेजारी, इतरांकडे नातवंडांचे फोटो असतात त्या जागी होती. पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते बरणी हलवून दाखवत आणि म्हणत, "हे सगळे वाचलेले."

वाचलेले म्हणजे खेळ. ऐंशीच्या दशकात टीव्हीला जोडायचे छोटे घरगुती कंप्युटर निघाले. त्यांचे खेळ साध्या कॅसेटवर, आवाजाच्या रूपात साठवलेले असत. टेपरेकॉर्डर लावायचा, कंप्युटर तो आवाज ऐकत राहायचा आणि काही मिनिटांनी पडद्यावर खेळ उभा राहायचा. त्या काळात मुंबई-पुण्याकडच्या हौशी मंडळींनी आणि काही लहान कंपन्यांनी असे खेळ लिहिले. त्यातले बरेच बाजारात आलेच नाहीत. कुठे जाहिरात आली आणि खेळ आला नाही, कुठे खेळ तयार झाला आणि कंपनी राहिली नाही. काका नेमके हेच खेळ शोधत. बाजारात आलेल्या खेळांत त्यांना रस नव्हता. "त्यांना आईबाप आहेत," असं ते म्हणत.

त्यांचं नाव दिवाकर कर्णिक. किर्रकाका हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलं, कारण कॅसेटवरचा खेळ माणसाच्या कानाला नुसता किर्र असा कर्कश ऐकू येतो आणि तो आवाज त्यांच्या खिडकीतून दुपारभर येई. एकदा सेक्रेटरींनी त्यांना जिन्यात गाठलं.

"कर्णिक, तेवढा मिक्सर दुरुस्त करून घ्या हो. दुपारची झोप होत नाही कुणाची."

"मिक्सर नाही," काका म्हणाले. "सांगलीहून क्रिकेट आलंय. एक इनिंग झाली, दुसरी बाकी आहे."

"मग दुसरी उद्या खेळा. लंचला थांबा की जरा."

काका थांबले. भांडण त्यांना जमत नसे आणि त्याची त्यांना गरजही पडत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, सगळी सोसायटी कामाला गेल्यावर, दुसरी इनिंग झाली.

कॅसेट ऐकताना ते डोळे मिटून बसत. आवाज जरा फुटला की उजवा हात वर करत: "इथे टेप ओढली गेलीय." मग स्क्रूड्रायव्हरने टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन केसभर फिरवत आणि किर्र स्वच्छ होई. ज्या यंत्रावर कॅसेट भरली असेल त्याचा कोन आणि आपल्या यंत्राचा कोन जुळल्याशिवाय खेळ हाती लागत नाही, आणि हा कोन ते कानानेच जुळवत. काकू पाहुण्यांना सांगत, "बायका नवऱ्याच्या गाण्याला कंटाळतात. माझ्या नशिबी हे." तरीही कॅसेट लागली की कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून त्या गॅस बारीक करत.

प्रत्येक खेळाला काका स्वतःच्या अक्षरात लेबल लावत. खेळाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, पूर्ण की अपुरा, आणि शेवटी कारण. खेळ बाजारात का आला नाही याचं कारण त्यांना लागेच, आणि ते एका शब्दात किंवा दोन शब्दांत बसवायची त्यांची हौस होती. 'कारण: भागीदार भांडले.' 'कारण: बारावी.' 'कारण: दुबई.' एका उत्तम बुद्धिबळाच्या खेळावर 'कारण: आळस' असं लिहिलं होतं, आणि ते वाचून लेखकाने स्वतः फोन करून दुजोरा दिला होता.

त्यांचा दुसरा नियम असा, की अपुरा खेळ अपुराच ठेवायचा. त्यात एखादा भाग हरवला असेल तर अंदाजाने तो भरायचा नाही. चित्रातली एक रेघ तुटली असेल तर ती जोडायची नाही. परदेशातल्या अशाच हौशी मंडळांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. तिथले काहीजण तुटलेले खेळ दुरुस्त करून देत. काका त्यांना नम्रपणे कळवत की आमच्याकडे जेवढं होतं तेवढंच ठेवतात.

हे सगळं करणाऱ्या माणसाला स्वतःचा म्हणावा असा एकच खेळ हवा होता, आणि नेमका तोच सापडत नव्हता.

तरुणपणी काका ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका छोट्या कंपनीत होते. ही कंपनी घरगुती कंप्युटर जोडून विकत असे. त्यांच्यासोबत नीला तांबे नावाची मुलगी काम करायची. तिने 'खाडीपार' नावाचा खेळ लिहिला. भरती-ओहोटी सांभाळत, गाळात न रुतता, माणसांनी भरलेली होडी पलीकडच्या काठाला लावायची. पाणी खरोखरीच्या भरतीसारखं हळूहळू चढायचं. काकांच्या मते त्या काळात तसं पाणी कुणीच केलं नव्हतं. खेळ पुरा झाला, तेव्हा त्याची मूळ कॅसेट काकांनीच भरली, दोन्ही बाजूंना एकेक प्रत. पण कान तोडले नाहीत. कंपनीचा नियम तसाच होता: खेळ बाजारात जायचं नक्की झालं की मगच मूळ कॅसेटचे कान तोडायचे, तोवर दुरुस्तीला जागा ठेवायची. ते नक्की होण्याआधी कंपनीला टाळं लागलं. शेवटच्या दिवशी लेबल नसलेल्या कॅसेट कोऱ्या समजून ज्याने त्याने घरी नेल्या.

"न आलेला खेळ आणि कान असलेली कॅसेट," काका म्हणत. "मरायला एवढं पुरतं."

नीलाताई पुढे सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पदावर गेल्या आणि निवृत्तीनंतर ऐरोलीत राहत होत्या. त्यांना खेळाचं काका म्हणतील तेवढं काही वाटत नसे. "कर्णिक, ढेकूण परवडले एवढे बग होते रे त्यात," असं त्या म्हणत. मात्र माळा आवरताना सापडलेली एक जुनी कॅसेट त्यांनी आठवणीने काकांना आणून दिली. ती होती त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगाची. काळ्या पडद्यावर होडी चाले, वळे, थांबे. होडी होती, खाडी नव्हती. काकांनी लेबलावर तसंच लिहिलं.

खाडी सापडली तळवलीत. त्या कंपनीत पॅकिंगला असलेले बाळाराम पाटील काकांना घणसोलीच्या बाजारात भेटले, आणि बोलता बोलता कळलं की कंपनीतून आणलेली एक कॅसेट त्यांच्याकडे अजून आहे. काकांनी भाजीची पिशवी तिथेच खाली ठेवली.

कॅसेट होती, पण तिच्यावर लग्न होतं. कंपनी बंद झाली त्याच वर्षी बाळारामांचं लग्न झालं. त्यांची आई, चांगुणाबाई, गावची धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून सगळे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. मुलाच्या हळदीला त्या स्वतः गायल्या आणि कुणीतरी टेपरेकॉर्डर लावला. पहिली बाजू गाण्यांनी पूर्ण भरली, दुसरीची सुरुवात भरली. त्यापुढे, गाणं संपल्यावर, किर्र होतं. बाळारामांना ते आठवत होतं. "आमाला वाटला कॅसेट खराब हाय," ते म्हणाले. चांगुणाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

कॅसेट खाडीच्या दमट हवेत राहिली होती. काकांनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. टेपवरचा थर सुटायला लागला होता. पहिल्यांदा चालेल ती बाजू नीट ऐकू येईल, पण चालताना थर झडेल आणि दुसऱ्या बाजूचं काही खरं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. परदेशातल्या एका मंडळाकडे दोन्ही बाजू एकदम वाचणारं यंत्र होतं. कॅसेट तिकडे पाठवू का, असं काकांनी बाळारामांना विचारून पाहिलं.

"नाय," बाळाराम म्हणाले. "आमचे आयचा आवाज हाय त्यान. कॅसेट घरातून बाहेर जानार नाय. तुमी मशिन हिकरं आना."

मग मशीन तळवलीला गेलं. काका, नीलाताई आणि बातमीच्या शोधात त्यांच्यामागे लागलेला एक वार्ताहर, असे तिघे दुपारी बाळारामांच्या ओट्यावर पोचले. आत गेल्यावर काकांनी कॅसेटच्या फिरक्या पेन्सिलीने हलक्या हाताने मोकळ्या केल्या, हेड कापसाने पुसलं आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. पण कान तोडले नाहीत. ते बाळारामांना म्हणाले, "हे तुम्ही तोडायचे. तुमची आई आहे." बाळारामांनी दोन्ही कान नखाने मोडले आणि ते देवघरातल्या वाटीत ठेवले.

"आता नीट ऐका," काका म्हणाले. "दोन बाजू आहेत. जी आधी लावू ती वाचेल. दुसरी वाचेल असं मी सांगू शकत नाही. एकीकडे तुमच्या आई आहेत, दुसरीकडे माझा खेळ आहे. कुठली आधी लावू?"

"मना यातला काय कलत नाय. तुमी जानकार. तुमीच ठरवा."

"कर्णिक, इतकी वर्षं शोधतोयस तू," नीलाताई हळूच म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "नीला, खेळ लिहिणारी इथे खुर्चीवर बसलीय. गाणारी नाही."

आणि त्यांनी गाण्याची बाजू लावली.

सुरुवातीला आवाज पाण्याखालून आल्यासारखा होता. काकांनी डोळे मिटले, स्क्रू केसभर फिरवला, आणखी केसभर फिरवला, आणि खोलीत एक बाई गाऊ लागली. खडा, जरासा घोगरा, अजिबात घाई नसलेला आवाज. बाळारामांनी उठून पंखा बंद केला. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनीच दारात आल्या आणि दुसऱ्या ओळीपासून सोबत गाऊ लागल्या. त्या म्हणाल्या, "सासूबाई रागवत व्हत्या मना, सूर चढवतंस म्हनून." बाजू संपली. हेडवर तपकिरी भुकटी जमली होती. काकांनी ती पुसली आणि कॅसेट उलटली.

दुसऱ्या बाजूला आधी उरलेलं गाणं आलं, पण विरळ, मधे मधे तुटलेलं. मग एकदम किर्र सुरू झालं. काकांचा हात वर गेला. तो खाली आला, पुन्हा वर गेला, आणि शेवटी वरच राहिला. पुढे नुसती खरखर होती.

घरी गेल्यावर नीलाताईंच्या प्रयोगातली होडी आणि तळवलीची खाडी जोडून पाहिली. खेळ चालला. निघायचा काठ लग्नाखाली गेला होता, त्यामुळे होडी सुरूच खाडीच्या मध्यावर होई. पाणी चढे, अगदी काका सांगत तसं, हळूहळू. होडी गाळ चुकवत पुढे जाई आणि पलीकडचा काठ यायच्या आत पडदा काळा होई. तो काठ भुकटी होऊन कापसावर आला होता. काकांनी होडी बुडू न देता तिथवर नेली, पुन्हा नेली, आणि म्हणाले, "बघ पाणी. मी खोटं सांगत नव्हतो."

नीलाताईंचे डोळे भरले होते. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "दोन्ही काठ मी लिहून देते. आठवड्याभरात. टेन्शन घेऊ नकोस."

"नको. मग तो आत्ताचा होईल."

"अरे, खेळ माझा आहे!"

"त्या वेळच्या नीलाचा आहे. तिला विचारता येत नाही."

"मग मला खुर्चीवर बसवून त्या बाईंना आधी कशाला घेतलंस?"

"तू सांगू शकतेस म्हणून. सांग. भरू नकोस."

नीलाताई महिनाभर बोलल्या नाहीत. मग एक दिवस आल्या आणि दोन्ही काठ कसे होते ते त्यांनी तोंडी सांगितलं: पाणी कुठे संपायचं, उतारू कसे उतरायचे, शेवटी कोणती धून वाजायची. काकांनी ते कोऱ्या कॅसेटवर भरलं, तिचे कान तोडले आणि बरणीत टाकले. परदेशी मंडळाकडे गेलेल्या संचात तुटका खेळ, नीलाताईंचं सांगणं आणि बाळारामांच्या परवानगीने चांगुणाबाईंची गाणी, तिन्ही एकत्र गेली. तिकडून एकाने विचारलं, की खेळाच्या आधी गाणाऱ्या बाई कोण. काकांनी कळवलं, "आमच्याकडे खाडी ओलांडण्याआधी हळद लागते." बाळारामांना हे उत्तर इतकं आवडलं, की ते गावात सगळ्यांना सांगत फिरले.

गेल्या वर्षी काका गेले. संग्रह नीलाताईंकडे ऐरोलीला आहे, बरणीही तिथेच आहे. आता आलेल्या कॅसेटचे कान त्या तोडतात, काकांच्याच स्क्रूड्रायव्हरने, आणि अपुऱ्या खेळांना हात लावत नाहीत. कुणी भरून द्यायची तयारी दाखवली तर त्या म्हणतात, "आमच्याकडे जेवढं होतं तेवढंच ठेवतात."

काका गेल्याचं सांगायला त्या तळवलीला गेल्या, तेव्हा बाळारामांनी देवघरातून कॅसेट काढून दाखवली. काकांनी कधीतरी एकटं येऊन तिला लेबलं लावली होती. एका बाजूला होतं: 'चांगुणाबाई पाटील. हळदीची गाणी. पूर्ण.' नीलाताईंनी कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूला, त्याच अक्षरात: 'खाडीपार. लेखिका नीला तांबे. अपुरा. कारण: लग्न.'