सातवी सही

दादाला शर्ट घालायला त्या दिवशी पाऊण तास लागला, आणि शेवटी वहिनीने कात्री घेतली. अंगावरून वारं गेल्यापासून दादाचा उजवा हात कोपरात दुमडलेलाच राहायचा, बाहीत शिरायला तो काही केल्या तयार नसायचा. वहिनीने बाही खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ कापली, शर्ट त्याच्या अंगावर पांघरला आणि तीन सेफ्टीपिना टोचल्या.

"आता दिसतोय ना बरा?" तिने विचारलं.

"पार्सल दिसतोय," दादा म्हणाला.

दादाची धाकटी बहीण दारात उभी राहून हे बघत होती. चौतीस वर्षं लोकांचे कपडे शिवल्यामुळे अख्खी गल्ली तिला टेलरताई म्हणायची. कोपऱ्यावर तिचं एका खोलीचं दुकान होतं: दोन मशीन, कापायचं लांब टेबल आणि भिंतीवर खडूने लिहिलेली मापं. आयुष्यभर तिने दादाचे शर्ट शिवले होते. आणि आज तिच्याच हातचा शर्ट तिच्या डोळ्यांदेखत कापावा लागला होता. तिने ती कापलेली बाही उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि चहा न घेताच दुकानाकडे निघाली.

डोक्यात किडा शिरला की ताईचं जेवणाखाण्यात लक्ष नसायचं. तिने उजवी बाही वरच्या शिवणीत पूर्ण उघडी ठेवली, काखेखालची शिवणही कंबरेपर्यंत मोकळी सोडली. म्हणजे हात बाहीत घालायचाच नाही, बाहीच हातावर ठेवायची. पहिल्यांदा तिने वेल्क्रो लावून पाहिलं. ते काढताना असा कर्रकर्र आवाज करायचं की दादा म्हणाला, "मी शर्ट काढतोय की टेम्पोची ताडपत्री?" मग टिचबटणं लावली. ती एका हाताने दाबायला जावं तर खालून आधार लागायचा, तो आणायचा कुठून? तिसऱ्या खेपेला तिने पट्टीच्या आत चपटे लोहचुंबक शिवले आणि वरून नेहमीची बटणं टाकली, नुसती दिसायला.

दादाने तो शर्ट मांडीवर घेतला. डाव्या हाताने बाही उजव्या हातावर पसरली, पाठीमागून शर्ट ओढला, डावा हात घातला. लोहचुंबक एकमेकांना टक् टक् करत चिकटत गेले. सहा मिनिटं. कुणी हात लावला नव्हता. वहिनी स्वयंपाकघरातून आली आणि तशीच थबकली.

"कॉलर सरळ कर की," दादा तिला म्हणाला.

तोच शर्ट घालून दादा इस्पितळात व्यायामाला गेला. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईला दादा 'हेडमास्तरीण' म्हणायचा, कारण ती तिशीची असून त्याला गृहपाठ द्यायची. तिने त्याचा शर्ट उघडला, लावला, पुन्हा उघडला आणि विचारलं, "हा शिवला कुणी?" दुसऱ्या दिवशी ती दुकानात हजर. हातात अकरा जणांची यादी.

"एका आजोबांच्या छातीत यंत्र बसवलंय," ती म्हणाली. "त्यांना लोहचुंबक अजिबात चालणार नाही."

"मग त्यांना मोठे हूक," ताई म्हणाली. ती आधीच टेपकडे हात नेत होती. "खांदा किती उतरलाय त्यांचा? उतरलेल्या खांद्याला वेगळं माप लागतं. तयार कपड्यात हेच तर चुकतं."

अकराचे तीस झाले. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई जुन्या चादरी आणून देऊ लागल्या, समोरचा इस्त्रीवाला तयार कपडे इस्त्री करून आपल्याच सायकलवरून पोचवू लागला. आणि मग हेडमास्तरीण एक बातमी घेऊन आली. इस्पितळात व्यायामाच्या हॉलशेजारी चादरी ठेवायची एक खोली रिकामी होत होती. मोठी खिडकी, पाणी, बाहेर बसायला बाक. अधीक्षक ती खोली द्यायला तयार होते, पण कुणा एका टेलरला देता येत नाही. नोंदणी झालेली संस्था हवी, आणि तीही महिनाअखेरच्या आत. नाहीतर खोली जुन्या कागदपत्रांना जाणार होती.

"संस्था म्हणजे नक्की काय करायचं असतं?" ताईने विचारलं.

"घटना लिहायची असते," ताईचा नवरा म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

तो छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होता. निवृत्त झाल्यापासून घरात दुरुस्त करायला त्याला काही उरलं नव्हतं. दुधाच्या पिशवीवरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचा. आता त्याला जणू घबाड सापडलं. कापायच्या टेबलाच्या एका टोकाला ताई कापड बेतायची आणि दुसऱ्या टोकाला तो कलमं. सभा किती दिवसांत बोलवायची, गणपूर्ती किती जणांची, अध्यक्ष गैरहजर असेल तर काय. एकदा ताईने त्याचं सहावं कलम पट्टी समजून कापलं. दोघं दोन दिवस त्यावरून हसत होती.

घोडं अडलं ते नावाशी. नवऱ्याने चौदा नावांची यादी केली होती, सगळी भारदस्त. नोंदणी कार्यालयातल्या कारकूनबाईंनी ती संगणकात एकेक करून टाकली आणि प्रत्येक वेळी मान हलवली. "आहे. हेही आहे. या नावाच्या तर चार आहेत."

नवऱ्याचा चेहरा पडला. ताईच्या पिशवीत नमुन्याचे शर्ट होते, त्यांतल्या एकाची बाही बाहेर लोंबत होती. तिने ती आत खोचली आणि म्हणाली, "बाही आहे का बघा."

"बाही? शर्टाची?"

"हो."

कारकूनबाईंनी बोटं चालवली. "नाही. बाही कुणीच घेतलेली नाही."

नाव झालं. पुढे उद्दिष्टांचं पान. "गरजूंना वस्त्रवाटप," कारकूनबाईंनी मोठ्याने वाचलं. "अशा साठ संस्था आहेत. तुमचं वेगळं काय?"

"आम्ही वाटत नाही," ताई म्हणाली. "माप घेतो. माणूस समोर बसवून, त्याचा हात जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच बटण ठेवतो."

"मग तसंच लिहा ना," कारकूनबाई म्हणाल्या आणि पेन पुढे केलं. नवऱ्याने तिथल्या तिथे ते वाक्य बसवलं. नंतर रिक्षात तो म्हणाला की अख्ख्या घटनेत तेवढंच एक वाक्य त्याला दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

आता संस्थापक सात हवेत. ताई, नवरा, वहिनी, हेडमास्तरीण, घरमालकीणबाई, इस्त्रीवाला. हे झाले सहा. सातवा कोण, हे ताईने कधीच ठरवून टाकलं होतं.

"मी?" दादा म्हणाला. "मी तर तुझं गिऱ्हाईक."

"म्हणूनच. आणि अध्यक्ष तूच."

"छोटे, अध्यक्षाला सही करावी लागते."

दादा एका शाळेत मुख्य लेखनिक होता. सत्तावीस वर्षं त्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक दाखल्यावर त्याची सही असायची, शेवटी मोराच्या मानेसारखी वळलेली. ती सही करणारा हात आता मांडीवर पडून होता.

ताई एकटीच कार्यालयात जाऊन विचारून आली. कारकूनबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, दोन साक्षीदारांसमोर अंगठा. दुसरी, डाव्या हाताची नवी सही कायम करायची, तिचा नमुना साक्षांकित करून आणायचा आणि इथे समोर बसून पुन्हा करून दाखवायची. दोन्ही जुळल्या पाहिजेत.

"अंगठा मी देणार नाही," दादा म्हणाला. "हाताला शाई लावायची नाही, असं नाही. अंगठा देणाऱ्यांना मी कधी हसलो नाही. पण मला सही येत होती."

महिना संपायला एकोणीस दिवस होते.

ताईने दुकानातून बेतायच्या तपकिरी कागदाची अख्खी गुंडाळी आणली आणि दादाच्या जेवणाच्या टेबलावर पसरली. हेडमास्तरणीने पेनाभोवती स्पंज गुंडाळून ते जाड केलं. पहिल्या दिवशीच्या सह्या पाहून वहिनी म्हणाली, "कोंबडी चालून गेली." दादा इतका हसला की पेन खाली पडलं. तिसऱ्या दिवशी मात्र तो हसला नाही. त्याने कागद ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

ताई त्याच्याशेजारी बसली. त्या गुंडाळीवर तिने खडूने एक रेघ मारली आणि म्हणाली, "जुनी सही विसर, दादा. तू उजव्या हाताचा शर्ट डाव्या हाताला घालायला बघतोयस. या हाताचं माप घेऊ. याला काय सोपं जातंय?"

दादाने डावा हात नुसताच फिरवून बघितला. त्या हाताला गोल जमत नव्हतं. सरळ रेघा जमत होत्या, खालून वर जाणाऱ्या जास्तच चांगल्या. दोघांनी मिळून नवी सही बेतली. आद्याक्षराची उभी रेघ, आडनावाचे दोन तिरपे फटके आणि खाली एक ठाम आडवी ओळ. मोराची मान गेली.

"ही बघ, पोलीस इन्स्पेक्टरची वाटते," दादा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते ताईने आजारपणानंतर पहिल्यांदा पाहिलं.

मग तो थांबेना. वर्तमानपत्राच्या कडेला, औषधांच्या खोक्यांवर, वहिनीच्या वाणसामानाच्या यादीवर सह्याच सह्या. नवऱ्याने भिंग घेऊन त्या तपासायचं काम अंगावर घेतलं. "दुसरा फटका एक केस आखूड," तो गंभीरपणे सांगायचा आणि दादा पुन्हा गिरवायचा. चौदाव्या दिवशी नवऱ्याने लागोपाठ दहा सह्यांवर बरोबरची खूण केली आणि भिंग खिशात ठेवलं. त्याच दुपारी हेडमास्तरणीने इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांकडून नमुना साक्षांकित करून आणला.

नोंदणीच्या दिवशी सातही जण कार्यालयात गेले. इस्त्रीवाल्याने सकाळी सगळ्यांचे कपडे इस्त्री केले होते, स्वतःचा शर्ट मात्र चुरगळलेलाच राहिला होता. सहा सह्या पाच मिनिटांत झाल्या. दादाची खुर्ची टेबलाशी नेली तेव्हा कारकूनबाईंनी न सांगता टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या आणि कागद त्याच्या डावीकडे तिरपा ठेवला.

उभी रेघ. पहिला फटका. दुसरा फटका. वहिनीने ताईचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. मग आडवी ओळ, एका दमात.

कारकूनबाईंनी नमुना शेजारी ठेवला. एकदा पाहिलं, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. नवरा भिंग काढायला लागला तसं ताईने त्याच्या हातावर चापट मारली.

"जुळते," कारकूनबाई म्हणाल्या आणि शिक्का उचलला.

प्रमाणपत्र मिळायला आणखी चार दिवस गेले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, साडेअकरा वाजता, ताईने ते अधीक्षकांच्या टेबलावर ठेवलं आणि किल्ली घेऊन ती जिना जवळजवळ पळतच उतरली. पन्नाशी उलटलेली बाई पळताना पाहून वॉर्डातल्या नर्सला वाटलं, काहीतरी अघटित झालं. तिने विचारलंही. "खोली मिळाली," एवढंच ताईला सांगता आलं, तिला धाप लागली होती.

खोली झाडायला, मशीन आणायला आणि पडदा टांगायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी 'बाही' उघडली. अध्यक्ष दाराशी बसून येणाऱ्यांची नावं लिहून घेत होते, डाव्या हाताने, सावकाश. कुणी घाई करायला लागलं तर म्हणायचे, "मला वेळ आहे, तुम्हालाही काढा." दुपारपर्यंत नऊ जणांची मापं झाली. प्लास्टरमधल्या पायासाठी पँट, वाकता न येणाऱ्या आजींसाठी समोरून उघडणारा झगा, एक हात नसलेल्या वायरमनला खिसे उलट्या बाजूला.

शेवटी चाकाच्या खुर्चीतून एक मुलगी आली. टपाल कार्यालयात कामाला होती, स्वतःच खुर्ची ढकलत यायची-जायची.

"तुम्ही रेनकोट करता का?" तिने विचारलं. "बाजारातले उभ्या माणसांचे असतात. बसलं की मांडीवर तळं साचतं, आणि मागचा भाग चाकात जातो."

ताईने आयुष्यात रेनकोट शिवला नव्हता. ते कापड कोणत्या सुईने शिवायचं, शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून काय करायचं, तिला काहीच माहीत नव्हतं. तिने टेप गळ्यातून काढली आणि गुडघ्यांवर बसली. मांडीची लांबी घेतली, पायटेकणीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर घेतलं, चाकाची उंचीसुद्धा घेतली.

"मागचा भाग बसणीपर्यंतच ठेवू," ती स्वतःशीच बोलत होती. "पुढचा लांब, पायांच्या खाली खोचता येईल असा. पाणी उतरायला मांडीवर उतार हवा. उतार कसा द्यायचा ते बघावं लागेल. दादा, लिही, पुढचा भाग अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीस काय? इंच की कलमं?" दाराजवळून दादाने विचारलं.

मुलगी हसली. "जमेल का पण?"

"सोमवारी या," ताई म्हणाली. "पहिला नमुना चुकणारच. येताना पाण्याची बाटली आणा, तुमच्या अंगावर ओतून बघू."