चंद्रावरचा आवाज आणि आमचे पत्रे

हे वाचणाऱ्याने माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहू नये. अक्षरही कोंबडीने माती उकरल्यासारखं आहे. मी चौथी शिकले, त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. वही लेकीची आहे, मागची पानं कोरी होती.

आमचं घर आमगावजवळच्या खेड्यात. पूर्वी वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, होते. दर वर्षी पावसाआधी माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणायची, स्वतः वर चढून कवेलू फेरायचे. फुटके काढायचे, माकडांनी सरकवलेले नीट बसवायचे. एक पाय टेकवायचा, थांबायचं, खालचा कवेलू तोलतो असं वाटलं की दुसरा पाय. खाली भात शिजवताना मला कळायचं, आता मामाजी देवाच्या खोलीवर आहेत, आता चुलीवर आले. भातावर माती पडू नये म्हणून मी झाकण शोधायची.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी कवेलू उतरवून टिनाचे पत्रे टाकले. शेत थोडंच, हे राइस मिलमध्ये पोती उचलतात, दर वर्षी कवेलू आणणं परवडत नव्हतं. मामाजींना ते पटलं नाही.

"टिनाखाली माणूस पापडासारखा भाजते," ते म्हणाले. "आन मले आता वर चढाचं कामच नाई ठेवलं तुमी."

त्याच पावसाळ्यात ताप येऊन मामाजी गेले.

मग पाऊस उघडलेल्या एका सकाळी वर पाऊल वाजलं. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्, थोडं पुढे. देवाच्या खोलीकडून चुलीकडे, अगदी मामाजींसारखं. हे दात घासत होते, तसेच उभे राहिले. संध्याकाळीही वाजलं. रोज वाजू लागलं.

"बाबा नाराज आहेत," हे म्हणाले. "कवेलू शोधून राहिले."

पितृपक्षात ह्यांनी पत्र्यावर पान ठेवलं, वडे, खीर, सगळं मामाजींच्या आवडीचं. ते दिवस ढगाळ होते. कावळा शिवला, आणि नंतर दोन-तीन दिवस वर काहीच वाजलं नाही. ह्यांनी पोटभर जेवायला सुरुवात केली. मग ऊन पडलं आणि पावलं पहिल्यापेक्षा जोरात आली. बापाने आपलं पान नाकारलं, असं ह्यांच्या मनाने घेतलं. ढगांकडे आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास ह्यांनी घर विकायचं ठरवून रस्त्यावरच्या किराणावाल्या सेठकडून घराचा बयाना घेतला. मला नंतर सांगितलं. त्यातूनच टिनाची उधारी फेडली.  ह्याच घरात मी लग्न होऊन आले, इथली प्रत्येक भिंत मी शेणामातीने सारवली आहे. मला जायचं नव्हतं. रोज भाजी चिरताना मनात तेवढंच असायचं, आणि तोंडातून शब्द निघत नव्हता.

लेक अकरावीत होती. एका सकाळी पावलं वाजत असताना ती मोबाइल घेऊन चुलीजवळ आली.

"माय, चंद्रावरबी असंच झालं. लय वर्षांआधी माणसं गेली होती ना, त्यांनी तिथं जमिनीत यंत्रं लावली, धक्के मोजाले. माणसं परत आली, यंत्रं तिथंच. तर तिथं सकाळ झाली का धक्के येत. काऊन येतात, कोणाले समजे ना. आता त्या नोंदी पुन्हा तपासल्या. ज्या यानातून माणसं उतरली त्याचा खालचा भाग तिथंच उभा आहे. ऊन लागलं का तो तापते, फुगते, आन् कटकट करते."

"म्हणजे कोणी नाई तिथं?"

"कोणीच नाई. सोडून आलेली वस्तू तेवढी."

हे दारात ऐकत होते. "चंद्रावर हवा नाई म्हणता, मंग आवाज कुठून आला? माया बापाचे पाय मले समजत नाई का?"

"आवाज नाई पप्पा, जमिनीची थरथर."

"तू चंद्रावरच जाऊन राय," असं म्हणून हे शेला खांद्यावर टाकून मिलला गेले.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात उभी राहून वर पाहिलं. शेजारच्या चिंचेची सावली सकाळी आमच्या सगळ्या घरावर असते. ऊन चढतं तशी ती एकेका पत्र्यावरून सरकते. सावली ज्या पत्र्यावरून उठायची, थोड्या वेळाने तोच वाजायचा. मामाजी नव्हते, चिंच चालत होती.

बोलणं मला जमत नाही. मी शिडी लावली आणि देवाच्या खोलीपासून चुलीपर्यंत पत्र्यांवर धानाचं ओलं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरलं. लोक हसले, "वयनी, वरतं बैल बांधता का?" मी खाली मान घालून पसरत राहिले.

सकाळी काही वाजलं नाही. ह्यांनी आकाशाकडे पाहिलं, ऊन लख्ख होतं. "गेले का बाबा?" त्यांनी विचारलं. मी बांबूने एका पत्र्यावरचं तणस खाली ओढलं. हे सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसले, मीही उंबऱ्यावर बसले. चहा निवला. मग तेवढाच पत्रा वाजला. टक्.

मला वाटलं होतं ह्यांना बरं वाटेल. पण मामाजी गेले तेव्हा न रडलेला माणूस तोंडावर शेला धरून रडला.

"म्हणजे वर कोणीच नाई," ते म्हणाले.

भीती गेली, पण तिच्यासोबत बापही गेला. चंद्राचे ते धक्के ऐकणाऱ्यांनाही क्षणभर असंच रितं वाटलं असेल का? चंद्र अजून हलतो आहे, असं कोणाला तरी वाटत असणार. निघालं ते आपलंच सोडलेलं सामान. मला काय समजते त्यातलं. पण मला मामाजींचं चालणं रोज आठवतं ते ह्या पत्र्यांमुळेच.

हे थोडे सावरल्यावर मी म्हटलं, "अजी, घर नका विकू." त्या सबंध दिवसात मी तेवढंच बोलले.

सेठ हसला म्हणे. "क्यों भाई, चांद से चिट्ठी आई क्या?" पण माणूस वाईट नव्हता. बयाना परत घेईन म्हणाला, हप्त्याने चालेल म्हणाला. शेतातला दिवाळीनंतरचा धान गेला तो त्यात. मग उन्हाळी धान. ह्यांनी मिलमध्ये दुसरी पाळीही केली.

तणस मी कधीच काढून बैलवाल्याला देऊन टाकलं. सकाळी पत्रे वाजतात. हे चहा घेऊन सपरीत बसतात, चुलीवरचा शेवटचा पत्रा वाजला की उठतात.

परवाही तसेच उठले आणि सेठकडे गेले. आल्यावर रिकामा खिसा उलटा करून दाखवला. बयाना पूर्ण फिटला.